नारळावरचं बुकिंग

मला वाट बघता येत नाही. लहानपणी आई दुधापाशी उभं करायची, तर मी तेवढ्यात दोनदा अंगणात जाऊन यायची आणि दूध शेगडीवर. अशा मुलीला नोकरी लागली ती नेमकी वाट बघण्याची. बेंगळूरला, मल्लेश्वरममधल्या एका लॉजच्या काउंटरमागे प्लायवुडचा आडोसा करून संगणक ठेवला होता. त्याच्यासमोर बसायचं आणि जगातून कुणी 'खोली हवी' असं लिहून पाठवतंय का ते बघायचं, एवढंच काम.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लॉजचे मालक जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की सुरुवातीला मला अर्धं कळायचं नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची थोरली बहीण त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, पण तीही त्यांना अण्णाच म्हणायची. त्या बहिणीला सगळे अक्का म्हणत.

आमची बहुतेक गिऱ्हाइकं पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला येणारी. यंत्रं विकणारी, बसवणारी, बिघडली की दुरुस्त करणारी. त्यातल्या एकानं अण्णांना ई-मेलचा पत्ता विचारला. अण्णांनी "आहे की" म्हणून सांगितलं आणि तो गेल्यावर पत्ता घ्यायच्या खटपटीला लागले. मग संगणक आला, ओळखीच्या एकानं इंटरनेटवर लॉजचं पान बनवून दिलं. पानावर लॉजचा फोटो होता आणि फोटोच्या मधोमध अण्णांची स्कूटर. ते पान अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला हौसेनं दाखवत, ज्यांनी खोली आधीच घेतली होती त्यांनासुद्धा. पानाखाली नाव, तारीख, किती खोल्या हे भरायची सोय होती. ते भरलं की मला मेल यायचा. म्हणजे यायला हवा होता.

मी निपाणीची. कॉम्प्युटरचा कोर्स करून राजाजीनगरला मावशीकडे राहायला आले होते. अण्णांनी मला उगादीपर्यंतची मुदत दिली. तोवर संगणकावरून एक तरी गिऱ्हाईक आलं तर मी कायम, नाही तर नमस्कार. नमस्कार म्हणजे परत निपाणी, आणि निपाणीत एक स्थळ थांबलेलं होतं. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला, स्वभावानं गरीब, वाईट म्हणावं असं त्याच्यात काहीच नव्हतं. माझं मन मात्र त्या घरात शिरायलाच तयार नव्हतं. पण नोकरी गेली तर मावशीकडे किती दिवस राहणार? म्हणून 'पाडव्यानंतर सांगतो' असा निरोप आईमार्फत गेला होता. तिकडे पाडवा, इकडे उगादी, दिवस तोच. आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "त्यांनी परत विचारलंय. काय सांगू?" आणि माझं उत्तरही ठरलेलं. "बघू गं."

फोन आणि संगणक यांना तार एकच. मी इंटरनेट लावलं की लॉजला बाहेरून कुणाचा फोन लागायचा नाही. गच्चीवरच्या दुसऱ्या फोनचा रिसिव्हर कुणी उचलला की माझं इंटरनेट तुटायचं. बहुतेक वेळा उचलणाऱ्या अक्काच असत. मोडेमचं ते किंचाळणं ऐकून त्या म्हणायच्या, "बंद कर गं ते. कुणाचा तरी जीव जातोय असं वाटतं." मी तार काढायची, फोनला लावायची, दोन मिनिटं बसायची आणि पुन्हा उठायची. आठव्या क्रॉसपर्यंत, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्यापर्यंत, चालत जायची, फुलवाल्यांच्या पाट्या बघून परत यायची. परत आले की वाटायचं, एवढ्यात मेल आला असेल. पुन्हा तार, पुन्हा किंचाळणं. पडद्यावर काही नाही. अण्णा वरवर हसत, "येईल, येईल," म्हणत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. ते कॅलेंडर फाडून टाकावंसं वाटायचं मला.

अक्कांना या सगळ्याची गरजच वाटत नव्हती. त्यांचं बुकिंग नारळावर चालायचं. समोरच्या बाजूला कल्याण मंटप, म्हणजे आपल्याकडचं मंगल कार्यालय. लग्नाचे दिवस आले की आमच्या खोल्या वऱ्हाडासाठी जात. मुलीचा बाप यायचा, काउंटरमागच्या भवानीच्या तसबिरीखाली जी फळी होती तिच्यावर नारळ आणि पानसुपारी ठेवायचा, तारीख सांगायचा. अक्का नारळाला कुंकू लावून "या" म्हणायच्या. झालं. पावती नाही, आगाऊ रक्कम नाही. लग्न होईपर्यंत नारळ फळीवर राहायचा आणि मुलगी सासरी निघाली की अक्का तोच नारळ तिच्या ओटीत घालायच्या. कुणी खोली मागितली की अक्का फळीवरून नजर फिरवायच्या. कुठला नारळ कुणाचा आणि कधीचा हे त्यांना शेंडीवरून कळायचं.

मी एकदा म्हटलं, "अक्का, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी चिकटवूया का?"

"देवापुढच्या नारळाला चिठ्ठी? बाजारातला माल आहे काय तो?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती.

आणि एका दुपारी मेल आला. परदेशातल्या एका कंपनीची दोन माणसं पीण्यातल्या एका कारखान्यात यंत्र बसवायला येणार होती. उगादीच्या आधीच्या आठवड्यात, दोन खोल्या. मी तो मेल वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्चीवरून अशी उठले की प्लायवुडचा आडोसा हलला. अक्कांना तारखा सांगून विचारलं, खोल्या आहेत ना? अक्कांनी फळीवरून नजर फिरवली. "सरी. दे," म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक. मी लगेच उत्तर पाठवलं, लॉजच्या नावानिशी. तुमच्या दोन खोल्या पक्क्या. अण्णांनी त्या मेलचा कागद छापून घेतला आणि म्हैसूरपाक वाटला. संध्याकाळी मी राजाजीनगरला चालत गेले. बसमध्ये बसणं शक्यच नव्हतं. मी वाचले, एवढंच डोक्यात होतं.

पुढच्याच आठवड्यात दुपारी एक गृहस्थ आले. अक्कांच्या जुन्या ओळखीचे. थोरल्या मुलीच्या लग्नाला त्यांनी इथल्याच सगळ्या खोल्या घेतल्या होत्या. आता धाकटीचं होतं. पत्रिका पुढं करून म्हणाले, "मुहूर्ताच्या दोन दिवस आधी पाहुणे येतील अक्का. सांगितल्याप्रमाणं, सगळ्या खोल्या." मी पत्रिकेवरची तारीख बघितली. तीच तारीख.

अक्का फळीकडे वळल्या. त्या गृहस्थांचा नारळ तिथं नव्हता. पण चेहऱ्यावर काही न दाखवता त्या म्हणाल्या, "या. सगळं होईल." गृहस्थ कॉफी पिऊन गेले. मग अक्कांनी लॉजच्या आचाऱ्याला हाक मारली.

"लांब शेंडीचा तांबूस नारळ होता. कुठं गेला?"

आचारी म्हणाला, "तडकला होता अक्का. उन्हानं. पाणी गळायला लागलं. तडकलेला देवापुढं कसा ठेवायचा? तुम्ही त्या दिवशी देवनहळ्ळीला गेला होतात."

"मग काय केलंस?"

"चटणी."

ती चटणी मीही खाल्ली होती. चांगली झाली होती म्हणून परत मागितली होती. या आठवणीचं मला आता हसू येतं, तेव्हा मात्र रडू येत होतं. आचाऱ्याचं काय चुकलं? त्यानं रीत पाळली होती. अक्कांचं तरी काय चुकलं? आणि माझंही काही चुकलं नव्हतं, विचारूनच तर लिहिलं होतं मी. कुणावर चिडावं तेच कळेना, आणि मला चिडायला कुणी मिळालं नाही की माझी फार तगमग होते.

अण्णा आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "एवढंच ना? लिही त्यांना, सॉरी म्हणून. दुसरीकडे बघा म्हणावं."

"अण्णा, ते एकच आहेत," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "एवढ्या महिन्यांत एक आले. त्यांनाच नको म्हणायचं, आणि उगादीला तुम्हीच विचारणार, आलं कोण?"

"मग वऱ्हाडाला नको म्हणू काय?"

 मी अक्कांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या तर त्या यंत्राच्या नावानं बोटं मोडायच्या. पण बोलल्या अक्काच.

"तू त्यांना या म्हटलंस ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"लॉजचं नाव घालून?"

"हो."

"मग संपलं. माणसं येतील." आणि अण्णांकडे वळून म्हणाल्या, "वरच्या दोन खोल्या काढ."

वरच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचं घर. गच्चीवर अण्णांचं बिऱ्हाड आणि शेजारी अक्कांच्या दोन खोल्या होत्या. अण्णा हबकले. "तू कुठं झोपणार? तुझा देव्हारा?"

"देव्हारा तुझ्याकडे. मी कोठीच्या माळ्यावर, सुपाऱ्यांच्या पोत्यांशेजारी. एल्ला सरी." म्हणजे सगळं ठीक.

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही अक्कांच्या खोल्या रिकाम्या केल्या. त्यांची जुनी पेटी, साड्या, औषधांच्या बाटल्या. पांढऱ्या चादरी आल्या, टेबल आलं, बाथरूमला नवा नळ बसला. मी मदत करत होते आणि प्रत्येक वस्तू उचलताना मनात म्हणत होते, या दोघांनी यावं, देवा, यावंच. साठी उलटलेली बाई आपली जागा सोडून पोत्यांशेजारी निजणार ती माझ्या एका मेलपायी.

मग वऱ्हाड आलं आणि फोन त्यांचाच झाला. कोण कुठल्या गाडीनं येतंय, फुलं पोचली का, कुणाची आजी स्टेशनवर राहिलीय. तारेला हात लावला की अक्का म्हणायच्या, "आता नको. लग्नघर आहे." दोन दिवस मी मेल बघू शकले नाही. आडोशात बसायची, उठायची, जिना चढायची, रिकाम्या खोल्यांतल्या चादरी पुन्हा ताणायची, उतरायची. पाहुणे माझ्याकडे टॉवेल मागत आणि मी कुणाला दोन, कुणाला एकही नाही असं करत होते.

परदेशी पाहुण्यांचं विमान लग्नाच्या दिवशी सकाळी होतं. टॅक्सी पाठवली होती. नऊ वाजून गेले, दहा वाजून गेले. टॅक्सीवाला रिकामा परत आला. "कुणी आलं नाही अम्मा," म्हणाला. तोवर लॉजमध्ये कुजबुज सुरू झाली होती. खोल्या गच्च भरलेल्या, म्हाताऱ्या बायका व्हरांड्यात चटईवर, आणि वर दोन खोल्या पांढऱ्या चादरी घालून रिकाम्या. वऱ्हाडातले एक काका वर जाऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो, आम्ही जमिनीवर आणि साहेबाला पलंग?" अक्का जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. "त्यांचं आहे ते. संध्याकाळपर्यंत त्यांचं," म्हणाल्या. अण्णा कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते, माझ्याकडे तर बघतच नव्हते. मला वाटलं, आजच निपाणीची गाडी धरावी. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं.

मुहूर्ताची वेळ झाली आणि सगळं वऱ्हाड समोर मंटपात गेलं. फोन गप्प झाला. मी कुणाला न विचारता तार ओढून संगणकाला लावली. समोर सनई-चौघडा आणि इकडे मोडेमचं किंचाळणं. दोन वेळा तुटलं. तिसऱ्यांदा लागलं, आणि मेल आला. दोन दिवसांपूर्वीचा. त्यांचं यंत्र अजून जहाजातच होतं, मद्रासला पोचलं नव्हतं, म्हणून प्रवास पुढं ढकलला होता. खोल्या मोकळ्या कराव्या, तुम्हाला त्रास झाला असेल तर क्षमा असावी, नवी तारीख ठरली की पुन्हा तुम्हालाच लिहू, असं सभ्यपणे लिहिलं होतं.

मी कागद छापला नाही. तशीच जिन्याकडे गेले. अक्का खुर्चीतच होत्या. लग्नाला गेल्या नव्हत्या, कारण खोल्यांवर लक्ष ठेवायला दुसरं कुणी नव्हतं. मी उभ्याउभ्या सांगितलं. ते येणार नाहीत. दोन दिवसांपूर्वीच कळवलं होतं त्यांनी, फोन चालू होता म्हणून आपल्याला मिळालं नाही. चुका मोजत आता त्या बोलतील, मग अण्णा बोलतील, आणि मी गप्प राहीन, असं ठरवूनच टाकलं होतं मी.

अक्कांनी विचारलं, "कळवलं?"

"हो."

"आपणहून?"

"हो. का येत नाही तेही लिहिलंय. क्षमा मागितलीय."

 समोरून मंगलाष्टकांचा आवाज येत होता. मग अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या लग्नाला याच लॉजच्या खोल्या ठेवल्या होत्या. वडिलांनी. सगळ्या. नवऱ्याकडची माणसं आदल्या दिवशी यायची होती. आम्ही वाट बघितली. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस झाला. मांडव तसाच. कुणी आलं नाही. का आलं नाही, ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी बसले आणि उठावंसं वाटलं नाही.

"नाही म्हणाले असते तर रडले असते मी चार दिवस," अक्का म्हणाल्या. "मग झालं असतं काही तरी. पण नाही म्हणायलासुद्धा आले नाहीत. तो नारळ वर्षभर फळीवर होता. वडील उतरवू देत नव्हते. येतील म्हणायचे."

अक्षता पडल्याचा गलका झाला. अक्का उठल्या, कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जा. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांना वर घे. संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नाही आता."

अण्णा मंटपातून आले तेव्हा मी एका आजींची वळकटी वर नेत होते. अक्कांनीच त्यांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे आलं नाहीच ना कुणी. एवढी दगदग करून."

"आलं नाही. कळवलं," अक्का म्हणाल्या. "आपलंच दार बंद होतं. फोनची दुसरी तार घे. आणि हिला राहू दे."

"पण अक्का, मुदत ठरली होती."

"ठरवणारा तूच ना? मग बदल."

अण्णांनी डोकं खाजवलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. "सरी," म्हणाले. नोकरी राहिली. ज्यासाठी एवढे महिने जीव टांगणीला लावला होता ते असं जिन्यात, हातात वळकटी असताना मिळालं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र निपाणीतला तो वखारीतला माणूस दिसायला लागला. तो कसा वाट बघत असेल ते मला माहीत नव्हतं. मी कधी विचारच केला नव्हता.

मी वळकटी ठेवली आणि खाली येऊन फोनपाशी गेले. तार अजून संगणकात होती. अक्का मागोमाग आल्या. "काय गं?"

"आईला फोन करायचाय."

अक्कांनी वाकून स्वतः तार काढली आणि फोनला लावली. आईनं फोन उचलला. नेहमीप्रमाणे म्हणाली, "बरं झालं केलास. त्यांनी परत विचारलंय."

"नाही म्हणून सांग आई."

"अगं, पाडव्यानंतर सांगतो म्हटलंय ना? आठवडाच राहिलाय. घाई कशाला?"

"आजच सांग. तू स्वतः जाऊन सांग. त्यांच्यात काही कमी नाही, मलाच नको आहे, असं सांग."

 आई हळूच म्हणाली, "त्यांनी वैशाखातलं कार्यालय धरून ठेवलंय गं. पाहुण्यांच्या खोल्यासुद्धा."

"म्हणूनच," मी म्हटलं.

अक्का फळीपाशी जाऊन नारळ सारखे करत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. मी फोन ठेवला तशी त्यांनी मागं न बघता तार पुन्हा ओढून माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "लाव तुझं यंत्र. आणखी कुणी कळवलं असेल तर बघ."